बाईंचा लाल शेरा आणि बॅरिस्टर नाथ पै

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला, तेव्हा सगळ्यांनी सहली, स्नेहसंमेलन आणि मधल्या सुट्टीतला वडापाव हे विषय पटापट वाटून घेतले. माझ्या वाट्याला उरली ती एक उत्तरपत्रिका. दहावीची दुसरी घटक चाचणी, १९९४ सालची. नागरिकशास्त्राच्या पेपरात बाईंनी प्रश्न घातला होता: संसद राज्यघटनेत हवा तो बदल करू शकते का? सकारण लिहा. चार मार्क.

मी लिहिलं होतं, हो, करू शकते, कारण संसद लोकांनी निवडून दिलेली असते, आणि बॅरिस्टर नाथ पै यांनी हेच लोकसभेत सांगितलं होतं. दुसरं वाक्य पुस्तकातलं नव्हतं, ते बाबांचं होतं. बाईंनी दोन मार्क दिले आणि समासात लाल पेनाने लिहिलं, "मग १९७५ चं काय?"

तेव्हा मला त्या शेऱ्याचा अर्थ कळला नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही. पुढे इंजिनीअरिंग, नोकरी, संसार. पण बाबा एकेका कपाटाची आवराआवर करायला लागले, तेव्हा आजोबांच्या जमिनीच्या कागदांबरोबर ही उत्तरपत्रिकाही निघाली. मग मी वाचायला लागले. इतिहास हा माझा प्रांत नाही. आपल्याला इतिहास म्हटलं की वसईचा किल्ला, चिमाजीअप्पा आणि १७३९ एवढंच पटकन आठवतं. तरी बाईंच्या शेऱ्याला उत्तर द्यायचं राहिलंच होतं, म्हणून हा लेख.

आपल्या वर्गातली निम्मी तरी मुलं मूळची कोकणातली होती. मे महिन्यात आणि गणपतीत विरार, नालासोपारा, वसईच्या चाळी कशा रिकाम्या व्हायच्या ते तुम्हाला आठवत असेल. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. बाबा १९६४ मध्ये बोटीने मुंबईला आले आणि १९८६ मध्ये विरारला आपली खोली झाली. आमच्याकडे भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेला एक फोटो होता: काळी दाट केसांची लाट, चष्मा, हात उंचावलेला. आलेल्यागेलेल्याला बाबा सांगायचे, "ह्यो आमचो बॅरिस्टर." लहानपणी मला वाटायचं, बॅरिस्टर हे आमच्या कुणा काकांचंच नाव आहे.

पंढरीनाथ बापू पै यांचा जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. वडील लवकर गेले. शिक्षण बेळगावला आणि मग पुण्यात फर्ग्युसनमध्ये. १९४२ च्या आंदोलनात उडी घेतली, तुरुंगवास झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. पण लंडनमध्ये त्यांचं लक्ष कोर्टापेक्षा राजकारणात जास्त होतं. तिथल्या मजूर पक्षाच्या आणि युरोपातल्या समाजवाद्यांच्या चळवळीत ते इतके पुढे गेले, की १९५४ मध्ये समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष झाले. वेंगुर्ल्याचा मुलगा, वय ३२, आणि हाताखाली युरोपभरच्या संघटना. लग्नही ऑस्ट्रियातल्या क्रिस्टल यांच्याशी झालं. असा माणूस तिकडेच राहिला असता तर कुणी नवल केलं नसतं. ते परत आले आणि प्रजासमाजवादी पक्षाच्या झोपडी या चिन्हावर राजापूर मतदारसंघातून १९५७ ची निवडणूक लढले.

ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राची होती. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेसचे मोठमोठे उमेदवार पडले. जाता जाता सांगते, आपल्याकडेही तेच झालं. ठाणे मतदारसंघातून तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर लोकसभेत गेले. गोदावरीबाईंबरोबर तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये काम केलेले, आणि तेही कायदा शिकलेलेच. त्यांच्यावर आपल्यापैकी कुणी तरी लिहायला हवं. मी माझ्या बॅरिस्टरकडे परत येते.

१९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही वेळा राजापूरने नाथ पैंना निवडून दिलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा, बेळगावचा सीमाप्रश्न, परराष्ट्र धोरण, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे प्रश्न, सगळ्यावर ते बोलले, आणि असं बोलले की ते उभे राहिले की सभागृह भरायचं. कोकणात रेल्वे हवी हा आग्रहही त्यांचा. बाबांनी आयुष्यातलं पहिलं मत १९६७ च्या फेब्रुवारीत दिलं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. मत द्यायला ते मुंबईहून बोटीने गेले. सभेला पेट्रोमॅक्सच्या उजेडात लोक जमिनीवर बसले होते, आणि इंग्लंडमध्ये शिकलेला हा माणूस त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत होता, एवढं बाबा अजूनही सांगतात. काय बोलला ते मात्र आठवत नाही म्हणतात.

त्याच महिन्यात दिल्लीत एक निकाल लागला आणि इथून माझ्या उत्तरपत्रिकेची गोष्ट सुरू होते.

पंजाबात जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे सुमारे ५०० एकर जमीन होती. १९५३ च्या तिथल्या कायद्याने कमाल मर्यादेवरची जमीन सरकार घेणार आणि काही कुळांकडे जाणार होती. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालमत्ता बाळगणं हा तेव्हा मूलभूत हक्क होता. जमीनसुधारणेचे कायदे कोर्टात टिकावेत म्हणून संसदेने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववी अनुसूची घटनेला जोडली होती. तिच्यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कारणावरून रद्द करता येणार नाही, अशी ती सोय. १९५१ मध्ये आणि परत १९६४ मध्ये न्यायालयाने ही वाट मान्य केली होती. २७ फेब्रुवारी १९६७ ला ११ न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी ती बंद केली. जुन्या दुरुस्त्या राहू देत, पण यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करताच येणार नाही, असा निकाल सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी दिला. (हेच सुब्बा राव दीड महिन्याच्या आत राजीनामा देऊन विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. आज असं झालं असतं तर आपल्या ग्रुपवर काय रणकंदन माजलं असतं!)

हे आमच्या गावाशी कसं जोडलेलं होतं ते मला आजोबांच्या कागदांमुळे समजलं. आजोबा कूळ होते. दोन एकर भातशेती, मालक दुसरा. मुंबई राज्याच्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारा तिचा मालक मानला गेला. मग किंमत ठरायची, हप्ते भरायचे, आणि शेवटी मिळायचं ३२ म चं प्रमाणपत्र. ते आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर ठेवली होती. म्हणजे नाथ पै पहिल्यांदा निवडून आले आणि आजोबा जमिनीचे मालक झाले, या दोन गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या. राजापूर मतदारसंघात अशी कुळं किती असतील याची कल्पना आपल्यातल्या कुठल्याही कोकणी घराला येईल. त्यांची मिळालेली जमीन गोलकनाथ निकालाने गेली नसती. पण ज्यांची अजून मिळायची होती, त्यांच्यासाठी दार लागलं होतं.

निकालानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ७ एप्रिल १९६७ ला नाथ पैंनी लोकसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. मूलभूत हक्कांसह घटनेचं कुठलंही कलम ठरलेल्या पद्धतीने बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा, एवढीच त्यातली मागणी. हे सरकारी विधेयक नव्हतं. मंत्री नसलेला कुणीही खासदार विधेयक मांडू शकतो, त्याला खासगी विधेयक म्हणतात आणि त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. मला वाटायचं की ही विधेयकं कधीमधी मंजूर होत असतील. स्वातंत्र्यापासून आजपर्यंत फक्त १४ झाली आहेत, आणि १९७० नंतर एकही नाही. साध्या कायद्याची ही कथा, इथे तर घटना बदलायची होती. त्याला हजर असून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं निम्म्याहून जास्त मत लागतं. १९६७ च्या लोकसभेत काँग्रेसच्या जागा ५२० पैकी २८३. सरकारला स्वतःलाही हे एकट्याने जमलं नसतं.

तरीही ते विधेयक बाजूला पडलं नाही. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, १९६८ मध्ये परत चर्चा झाली. विरोधकांमध्ये नुसते जमीनदारांचे कैवारी नव्हते. नानी पालखीवालांसारखे घटनेचे मोठे वकील बाहेरून विरोधात होते. समाजवाद्यांमध्येही एकमत नव्हतं. आज बहुमत चांगल्या माणसांकडे आहे म्हणून हा अधिकार द्याल, उद्या ते दुसऱ्या कुणाकडे गेलं तर, असा विरोधाचा मुख्य सूर होता. सरकार कधी पाठिंब्याच्या बाजूला, कधी गप्प.

नाथ पैंची बाजू मी माझ्या शब्दांत सांगते. घटना लोकांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत केली. ती कायमची गोठवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एका पिढीला नाही, आणि सहा विरुद्ध पाच अशा मतांनी न्यायाधीशांना तर नाहीच. लोकांना शांततेच्या मार्गाने बदल करता आला नाही, तर ते दुसरे मार्ग शोधतात. मला असंही वाटतं (हा माझा अंदाज समजा) की ज्या देशात ते कायदा शिकले, तिथे लिखित घटनाच नाही आणि पार्लमेंटच सर्वोच्च, त्याचा ठसा त्यांच्या विचारांवर असणार. आणि बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेल्या माणसाला आपल्या संसदेची भीती वाटत नसणार. ती मिळवायला त्यांनीच तर किंमत मोजली होती.

आमच्या धंद्यात हा वाद रोज होतो, फक्त त्याला कुणी घटना म्हणत नाही. चालू असलेल्या सिस्टीमचा मुख्य पासवर्ड कुणाकडे असावा? कुणाकडेच दिला नाही तर साधी चूकही दुरुस्त करता येत नाही आणि लोक मागच्या दाराने काही तरी ठिगळं लावत बसतात. दिला तर रात्री दोन वाजता एखादा घाबरलेला किंवा मस्तीत असलेला माणूस सगळं पुसून टाकू शकतो, आणि पुसल्याची नोंदही पुसू शकतो. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. पहिल्याने काम अडतं आणि दुसऱ्याने झोप उडते.

विधेयक लटकत राहिलं. मध्ये काँग्रेस फुटली. १९७० च्या फेब्रुवारीत बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयाने रद्द केला, डिसेंबरात संस्थानिकांचे तनखे बंद करणारा आदेशही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली. लोकसभा संपली की तिच्यातली प्रलंबित विधेयकं संपतात, तसं नाथ पैंचंही संपलं.

तीन आठवड्यांनी, १७ जानेवारी १९७१ ला, ते बेळगावात होते. १९५६ मध्ये त्या तारखेला पोलिसांच्या गोळीबारात मराठी माणसं मारली गेली, म्हणून सीमाभागात तो हुतात्मा दिन. तिथे त्यांचं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ४८. जिथे शाळा शिकले त्याच गावात. बाबांनी फोटो कापून ठेवला तो त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातून.

आता बाईंचा प्रश्न.

मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधी ३५२ जागा घेऊन परत आल्या. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती संसदेत प्रचंड बहुमताने मंजूर झाली आणि ५ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. कलम ३६८ मध्ये संसदेचा अधिकार स्पष्ट लिहिला गेला. नाथ पैंनी चार वर्षांपूर्वी शुक्रवारी दुपारी मागितलं ते हेच होतं. फरक एवढाच की आता ते विरोधी बाकावरच्या एकट्या खासदाराने मागितलेलं नव्हतं, दोन तृतीयांशाहून जास्त जागा असलेल्या सरकारने घेतलेलं होतं.

मग जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर ठेवण्यात आली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर लिहूनच टाकलं की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि कुठल्याही कोर्टाने त्यात पडू नये. वाक्यं वाचली तर नाथ पैंच्या विधेयकाचीच थोरली भावंडं वाटतात. आणि ही मतं पडत होती तेव्हा राजापूरचे खासदार कुठे होते? नाथ पैंच्या जागी निवडून आलेले मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, आणि प्रमिलाताई येरवड्याला. ज्या मतदारसंघाने संसदेला सर्वोच्च म्हणणारा खासदार दिला, त्याच्या पुढच्या खासदाराला संसदेत बसून विरोधात मत देता आलं नाही. लाल शेऱ्यातल्या १९७५ चा अर्थ हा होता.

ही वाट अडवली ती न्यायालयाने, आणि मोठ्या विचित्र पद्धतीने. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल दिला. त्यात गोलकनाथ निकाल रद्द झाला आणि चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, म्हणजे नाथ पैंचं म्हणणं मान्य झालं. पण त्याबरोबर एक मर्यादाही आली. घटनेचं कुठलंही कलम बदला, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. याच आधाराने ७ नोव्हेंबर १९७५ ला, ऐन आणीबाणीत, एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतला पंतप्रधानांच्या निवडणुकीचा भाग रद्द झाला, आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात 'कसलीही मर्यादा नाही' हे कलमही गेलं. केशवानंदांची बाजू मांडणारे मुख्य वकील होते पालखीवाला.

मग नाथ पै चुकले का? मी हे लिहिताना तीन वेळा मत बदललं. १९६७ च्या निकालापुरते ते बरोबर होते असं मला वाटतं. गोलकनाथने दार लावलं होतं आणि आजोबांसारख्यांना ते उघडं हवं होतं. त्यांच्यातला बॅरिस्टर जे मागत होता ते बहुतेक सगळं पुढे न्यायालयानेही मान्य केलं. पण विरोधक जो प्रश्न विचारत होते, की उद्या बहुमत दुसऱ्या कुणाकडे गेलं तर, त्याला त्यांच्या विधेयकात उत्तर नव्हतं. चांगल्या माणसाची ही जुनी अडचण आहे. आपल्या हातात जे सुरक्षित आहे ते दुसऱ्याच्या हातात कसं दिसेल, हे त्याला दिसायला वेळ लागतो. नाथ पैंना तो वेळ मिळाला नाही. १९७५ ला ते ५३ वर्षांचे असते. तुरुंगात असते, याबद्दल मला काडीचीही शंका नाही. आणि तिथे बसून त्यांनी आपल्या विधेयकात काय बदललं असतं, हे वाचायला मी बरंच काही दिलं असतं.

रेल्वेचं राहिलं. दंडवते १९७७ मध्ये तुरुंगातून सुटून थेट रेल्वेमंत्री झाले. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण सुरू झाला. आपली दहावी होऊन तीन वर्षं झाली होती, म्हणजे आपली शाळेतली सगळी गणपतीची वारी लाल एसटीतूनच झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली, ती बोरिवली-वसईवरून जाते, आणि वसईला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. यंदा बाबांना घेऊन मी तिनेच गेले. विरारहून वसईला लोकलने, मग फलाटावर इंजिन लागेपर्यंतची वाट. बाबा ८० वर्षांचे आहेत. तिथल्या बाकावर त्यांना हा लेख वाचून दाखवला.

त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "बॅरिस्टर चुकलो असा लिवलंस?"

मी म्हटलं, तसं नाही लिहिलं, अर्ध्यात चुकले असं लिहिलं.

"म्हणजे बाईंनी दोन मार्क दिले ते बरोबरच होते," ते म्हणाले, आणि डबा उघडला.

बाई, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. उत्तरपत्रिका घेऊन येते.